उपयोजित प्रतिरक्षाशास्त्र : पदव्युत्तर अभ्यासाची दिशा

(पदव्युत्तर प्रवेश व स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सन १८९६ च्या अखेरीस मुंबई शहर प्लेगच्या साथीने हवालदिल झाले होते. त्या वेळी वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील तोकड्या जागेत प्लेगच्या जंतूंची वाढ करण्यास प्रारंभ केला. मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आले. ही वाढ उष्णतेने मारून त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यांनी स्थापिलेली प्रयोगशाळा आज परळ येथील हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

हा प्रसंग अनेकांना ठाऊक असतो. त्यानंतरचा प्रसंग मात्र परीक्षेच्या टिपणांत क्वचितच आढळतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी (हे गाव आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. दोष प्रयोगशाळेचा ठरवण्यात आला आणि हाफकिन यांना पदापासून दूर व्हावे लागले. गावात बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही गोष्ट पुढे पुराव्यानिशी मांडली गेली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे घेतली. त्यांच्यावरील ठपका दूर होईपर्यंत १९०७ साल उजाडले होते.

लस उत्तम होती, तत्त्व बरोबर होते, तरीही १९ माणसे गेली. प्रतिरक्षाशास्त्राला ‘उपयोजित’ हे विशेषण लागते तेव्हा त्याच्याबरोबर ही जबाबदारीही येते. या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ती आरंभीच समजून घ्यावयास हवी.

मूलभूत आणि उपयोजित

शरीर स्वकीय आणि परकीय यांतील भेद कसा ओळखते, एकदा भेटलेल्या जंतूची आठवण वर्षानुवर्षे कशी जपते, हे मूलभूत प्रतिरक्षाशास्त्राचे प्रश्न होत. या ज्ञानाच्या आधारे लस तयार करणे, रोगाचे निदान करणे, रक्तद्रव्य वा पेशी वापरून उपचार करणे, हे उपयोजित शाखेचे क्षेत्र. ही विभागणी अभ्यासक्रमाच्या सोयीची आहे; प्रत्यक्षात ती फार काळ टिकत नाही. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांना प्रतिपिंडांच्या वैविध्याचे मूळ शोधावयाचे होते. त्यासाठी त्यांनी प्रतिपिंड तयार करणाऱ्या बी-पेशीचा कर्कपेशीशी संयोग घडवून आणला. या संकरित पेशी अमर्याद काळ एकाच प्रकारचे प्रतिपिंड तयार करत राहिल्या. या पद्धतीचे एकस्व घेतले गेले नाही. घरी वापरल्या जाणाऱ्या गर्भधारणा-चाचणीच्या पट्टीपासून कर्करोगावरील औषधांपर्यंत या एकक्लोनी प्रतिपिंडांचा आज सर्वत्र वापर होतो. १९८४ चे नोबेल पारितोषिक या दोघांना नील्स येर्ने यांच्यासमवेत मिळाले.

या प्रयोगातील निवडीची युक्ती परीक्षांत वारंवार विचारली जाते; ती पाठ करण्यापेक्षा उमजून घेणे सोपे आहे. पेशी डीएनएचे घटक दोन मार्गांनी मिळवतात : एक नव्याने घडवण्याचा, दुसरा जुने घटक पुन्हा वापरण्याचा. ‘हॅट’ माध्यमातील अमिनोप्टेरिन पहिला मार्ग बंद करते. प्रयोगासाठी निवडलेल्या कर्कपेशींत दुसऱ्या मार्गासाठी लागणारे विकर नसते. त्यामुळे संयोग न झालेल्या कर्कपेशी मरतात. एकट्या बी-पेशी तशाही काही दिवसांत मरणारच असतात. दोघींचे गुण घेतलेली संकरित पेशी तेवढी उरते. म्हणजे कोण का मेले याचे उत्तर आले की कोण का जगले हे सांगावे लागत नाही.

नावांचे अरण्य

पदव्युत्तर वर्गात आलेल्या विद्यार्थ्याची पहिली अडचण असते ती परिभाषेची. सीडी ४, सीडी ८, इंटरल्युकिन १ पासून पुढे वाढत जाणारे क्रमांक, पूरक प्रथिनांचे घटक अशा नामावळीत अनेक हुशार विद्यार्थी हरवून जातात. तक्ते करून पाठांतर करणे हा त्यावरचा रूढ उपाय. पूर्वपरीक्षेपुरता तो चालतोही. परंतु प्रयोगाचे वर्णन देऊन निष्कर्ष विचारणाऱ्या प्रश्नापुढे तो निरुपयोगी ठरतो.

त्याऐवजी प्रत्येक घटकाबाबत एकच प्रश्न विचारावा : हा नसता तर काय झाले असते? निसर्गाने आणि प्रयोगशाळांनी याची उत्तरे देऊन ठेवली आहेत. थायमस ग्रंथी नसलेला ‘नग्न’ उंदीर परकीय त्वचेचे रोपण नाकारू शकत नाही, कारण त्याच्याकडे परिपक्व टी-पेशी नसतात. ब्रूटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात मुलग्यांच्या शरीरात बी-पेशी परिपक्व होत नाहीत. त्यांना वारंवार जीवाणूंचे संसर्ग होतात, पण अनेक विषाणूंशी ती मुले बऱ्यापैकी झुंजतात. या एका विकारावरून प्रतिपिंडांचे काम कोठवर आणि टी-पेशींचे कोठून, हे दिसून येते.

२०२५ चे वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिक हे या विचारपद्धतीचेच उदाहरण होय. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये टी-पेशींचा असा एक गट दाखवून दिला, की तो काढून टाकल्यास उंदरांचे प्रतिरक्षा-दल स्वतःच्याच अवयवांवर उलटते. पुढे २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी आजारी उंदरांच्या एका वाणात फॉक्सपी३ या जनुकातील दोष शोधून काढला. तोच दोष माणसांतील एका गंभीर स्वप्रतिरक्षा-विकाराच्या मुळाशी असल्याचे आढळले. साकागुची यांच्या नियामक पेशी आणि हे जनुक यांचा संबंध नंतर स्पष्ट झाला. प्रतिरक्षेचे अर्धे कौशल्य हल्ला न करण्यात आहे, ही जाणीव अवयवरोपणापासून संधिवातापर्यंतच्या उपचारांना आज नवी दिशा देत आहे.

चाचणीचे गणित

निदानचाचण्यांचा भाग विद्यार्थी बहुधा घाईने उरकतात. एलायझाची आकृती काढली, रंग का येतो ते लिहिले, की विषय संपला असे त्यांना वाटते. वास्तविक चाचणीचा अर्थ लावणे हे तंत्राहून कठीण आहे. भारतात प्रौढांमधील एचआयव्ही बाधेचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. समजा, अशा समाजातील एक लाख व्यक्तींची चाचणी घेतली. चाचणीची संवेदनशीलता ९९ टक्के आणि विशिष्टता ९९ टक्के धरू. बाधित २०० असतील. त्यांपैकी १९८ जणांची चाचणी होकारार्थी येईल. निरोगी ९९,८०० असतील. त्यांपैकी एक टक्का, म्हणजे ९९८ जणांची चाचणीही चुकून होकारार्थी येईल. होकारार्थी आलेल्या एकूण १,१९६ जणांत खरे बाधित केवळ १९८, म्हणजे सुमारे १७ टक्के. ‘९९ टक्के अचूक’ चाचणीने दर सहा जणांपैकी पाच जणांना विनाकारण हादरा दिला!

या १,१९६ जणांची वेगळ्या तत्त्वावरील दुसरी चाचणी घेतली, तर खऱ्या बाधितांतील १९६ आणि निरोग्यांतील जेमतेम १० होकारार्थी राहतील. विश्वासार्हता ९५ टक्क्यांवर जाईल. लक्षणे नसलेल्या व्यक्तीला एचआयव्हीबाधित ठरवण्यापूर्वी राष्ट्रीय कार्यक्रमात तीन वेगवेगळ्या चाचण्यांचा आग्रह का धरला जातो, ते यावरून कळते. हे सारे गणित शालेय पातळीचे आहे. तरीही जीवशास्त्राचे विद्यार्थी ते टाळतात, आणि येथेच त्यांचे गुण आणि पुढे कदाचित एखाद्या रुग्णाची मनःशांती जाते.

एकच लस, निरनिराळी शरीरे

या विषयाचा अभ्यास भारतात, भारतीय लोकसमूहांवर का व्हावा, याचे उत्तर आपल्या देशातील तीन अनुभव देतात.

पहिला अनुभव बीसीजीचा. क्षयरोगावरील या लसीने ब्रिटनमधील चाचणीत किशोरवयीन मुलांना पाऊणशे टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले होते. तमिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत सुमारे २ लाख ६० हजार लोकांचा समावेश होता. जगातील ती या प्रकारची सर्वांत मोठी चाचणी होती. साडेसात वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, १९७९ च्या सुमारास, निष्कर्ष हाती आला : फुप्फुसाच्या क्षयापासून लसीने काहीही संरक्षण दिले नव्हते. शास्त्रीय जगताला हा धक्का होता. तेथील माती-पाण्यात विपुल असणाऱ्या, क्षयजंतूच्या भाऊबंद जीवाणूंशी लोकांचा लहानपणापासूनच संपर्क येतो आणि त्यांची प्रतिरक्षा आधीच एका दिशेने वळलेली असते, हे त्यावर पुढे आलेले एक प्रमुख स्पष्टीकरण. लहान मुलांतील मेंदूज्वरासारख्या क्षयाच्या तीव्र प्रकारांपासून बीसीजी संरक्षण देते, म्हणून नवजात बालकांना ती आजही दिली जाते. पुस्तकातील ‘बीसीजी : क्षयावरील लस’ ही एक ओळ इतका इतिहास पोटात घेऊन असते.

दुसरा अनुभव पोलिओचा. तोंडावाटे द्यावयाच्या लसीला भारतीय बालकांचा प्रतिसाद अपेक्षेहून कमी आहे, हे वेल्लोर येथील डॉ. टी. जेकब जॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकातच निदर्शनास आणले होते. पुढील अभ्यासांत असे दिसले, की त्रिगुणी लसीच्या एका मात्रेने पहिल्या प्रकारच्या विषाणूपासून मिळणारे संरक्षण उर्वरित भारतात सुमारे २१ टक्के, तर उत्तर प्रदेशात अवघे ९ टक्के होते. प्रत्येक मात्रेचा परिणाम स्वतंत्र मानल्यास तीन मात्रांनंतर पहिल्या ठिकाणी ५१ टक्के बालके सुरक्षित होतात, दुसऱ्या ठिकाणी २५ टक्के. ‘इतके डोस देऊनही पोलिओ का होतो?’ असे विचारणाऱ्या उत्तर प्रदेशातील मातापित्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. तो प्रतिरक्षाशास्त्राचा प्रश्न होता.

दाट वस्ती, वारंवार होणारे अतिसार, आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले इतर विषाणू ही कारणे होतीच. शिवाय लसीतील तीन प्रकारांपैकी दुसरा प्रकार इतरांना मागे सारून आतड्यात वाढत असे. ही स्पर्धा टाळण्यासाठी २००५ मध्ये एकगुणी लस वापरात आणली गेली आणि एका मात्रेचे संरक्षण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेले. २०१० मध्ये द्विगुणी लस आली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा देशातील अखेरचा रुग्ण नोंदवला गेला. २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. दारोदार फिरणाऱ्या लक्षावधी कार्यकर्त्यांचे श्रेय येथे मोठे आहेच. परंतु त्यांच्या हातातील थेंब बदलले नसते, तर ते श्रम कितपत फळले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

रोटाव्हायरसची कथा तिसरी. १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांना काही नवजात अर्भकांत रोटाव्हायरसचा संसर्ग आढळला; बालकांना अतिसार मात्र झालेला नव्हता. तेथे मिळालेला ११६ई हा विषाणू पुढे लसीचा पाया बनला. जैवतंत्रज्ञान विभाग, देशविदेशांतील संशोधनसंस्था आणि हैदराबाद येथील भारत बायोटेक यांच्या दीर्घ सहकार्यातून ‘रोटाव्हॅक’ तयार झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील परिसरात मिळून ६,७९९ बालकांवर तिची निर्णायक चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षांतील आकडे विद्यार्थ्याने स्वतः मांडून पाहावेत. लस घेतलेल्या गटात ४,७५२ व्यक्तिवर्षांत तीव्र रोटाव्हायरस अतिसाराच्या ७१ घटना नोंदल्या गेल्या; लस न घेतलेल्या गटात २,३६० व्यक्तिवर्षांत ७६. दर हजार व्यक्तिवर्षांमागे हे प्रमाण अनुक्रमे १४.९ आणि ३२.२ पडते. १४.९ ला ३२.२ ने भागून आलेली संख्या एकातून वजा केली, की लसीची परिणामकारकता मिळते : सुमारे ५४ टक्के. घाईत केवळ ७१ आणि ७६ यांची तुलना करणारा विद्यार्थी ही लस निरुपयोगी ठरवून मोकळा होईल. लस घेतलेला गट दुप्पट मोठा होता, हे त्याच्या नजरेतून सुटलेले असते.

५४ टक्के ही संख्या काहींना कमी वाटते. परंतु याच रोगावरील ज्या विदेशी लसीने लॅटिन अमेरिकेत सुमारे ८५ टक्के परिणाम दाखवला, तिनेच आफ्रिकेतील मलावीत ४९ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिले. म्हणजे उणीव एखाद्या देशाच्या लसीत नाही. मातेच्या दुधातील व रक्तातील प्रतिपिंड, एकाच वेळी दिली जाणारी पोलिओची लस, कुपोषणाने व संसर्गाने दुबळे झालेले आतड्याचे अस्तर, त्यातील सूक्ष्मजीवांची वस्ती यांपैकी नेमके कशाचे किती, याचा शोध अद्याप चालू आहे. ज्या देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाखाली दरवर्षी अडीच कोटींहून अधिक बालकांपर्यंत पोहोचावयाचे असते, तेथे हा शोध दुसऱ्या कोणावर सोपवून चालणार नाही. २०१६ मध्ये हिमाचल प्रदेश, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांपासून ही लस या कार्यक्रमात समाविष्ट झाली.

बाटलीमागील शिस्त

संशोधनाइतकेच महत्त्व उत्पादनाच्या शिस्तीला आहे. जानेवारी २००८ मध्ये कसौलीची केंद्रीय संशोधन संस्था, कुन्नूरची पाश्चर संस्था आणि गिंडीची बीसीजी लस प्रयोगशाळा या तीन जुन्या सरकारी संस्थांचे लसनिर्मितीचे परवाने उत्तम उत्पादनपद्धतीचे निकष पूर्ण होत नसल्याच्या कारणावरून स्थगित करण्यात आले. या निर्णयावर मोठा वाद झाला आणि २०१० मध्ये स्थगिती उठवण्यात आली. सार्वजनिक क्षेत्राची क्षमता जपावी की निकष काटेकोर पाळावेत, असे या वादाचे चित्र तेव्हा रंगवले गेले. ते चुकीचे होते. दोन्ही गोष्टी कराव्या लागतात, आणि त्या करण्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात. गुणवत्ता नियंत्रण, प्रमाणीकरण, नोंदी ठेवण्याची पद्धत हे विषय पदव्युत्तर अभ्यासक्रमात बहुधा शेवटच्या सत्रात, तेही ऐच्छिक म्हणून येतात. उद्योगक्षेत्रात मात्र पहिल्या दिवसापासून याच गोष्टींची विचारणा होते.

अभ्यासाची केंद्रे आणि प्रवेशाच्या वाटा

‘प्रतिरक्षाशास्त्र’ या नावाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी देणारी विद्यापीठे देशात थोडी आहेत. बहुतांश विद्यार्थी जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र वा विषाणुशास्त्र यांच्या वाटेने येथे पोहोचतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील विषाणुशास्त्राचा एम. एस्सी. अभ्यासक्रम हे त्याचे महाराष्ट्रातील एक उदाहरण. वैद्यकीय पदवीधरांसाठी लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी चिकित्सालयीन प्रतिरक्षाशास्त्राचे उच्च शिक्षण मिळते. संशोधनासाठी अग्रगण्य नाव अर्थातच नवी दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे संस्थापक संचालक डॉ. गुरसरण प्राण तलवार यांनी कुष्ठरोगावरील लस आणि गर्भधारणा रोखणारी लस या दोन्हींवर मूलगामी काम केले. दुसऱ्या लसीच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रतिपिंडांची पातळी पुरेशी असलेल्या स्त्रियांच्या १,२२४ मासिक चक्रांत केवळ एक गर्भधारणा नोंदली गेली. ही संस्था, पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि फरिदाबादची टीएचएसटीआय यांच्यासह जैवतंत्रज्ञान विभागाच्या १४ स्वायत्त संस्था २०२३ मध्ये ‘ब्रिक’ या एकाच परिषदेखाली आणण्यात आल्या.

जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी २०२० पासून जीएटी-बी ही परीक्षा घेतली जाते. तिच्या पहिल्या भागात बारावीच्या पातळीचे भौतिक, रसायन, गणित व जीवशास्त्र असते आणि तेथेच अनेकांची घसरण होते. संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही मुख्य परीक्षा. तिच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात सहज व अर्जित प्रतिरक्षा हा घटक पेशी-संदेशनाच्या प्रकरणात आहे, तर एलायझा, वेस्टर्न ब्लॉट, फ्लो सायटोमेट्री ही तंत्रे पद्धतींच्या प्रकरणात. विषय असा दोन ठिकाणी विभागल्यामुळे विद्यार्थी एकच भाग वाचून समाधान मानतात. कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. ती वेळेवर हाती पडतेच असे नाही, ही संशोधक विद्यार्थ्यांची जुनी तक्रार असून ती निराधार म्हणता येणार नाही. घरची ओढगस्त असलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या काही महिन्यांची तजवीज आधीच करून ठेवलेली बरी.

संस्था निवडताना नावापेक्षा प्रयोगशाळा पाहावी. फ्लो सायटोमीटर फळ्यावर शिकवला जातो की विद्यार्थ्याला तो स्वतः हाताळावयास मिळतो, उंदरांसाठी मान्यताप्राप्त प्राणिगृह आहे काय, जवळपासच्या रुग्णालयाशी संबंध आहेत काय, याची चौकशी तेथील आजी विद्यार्थ्यांकडे करावी. माहितीपुस्तिकेत ही उत्तरे सापडत नाहीत.

पुढील क्षेत्रे

अलीकडच्या काळात या शाखेचा वेग किती वाढला, हे कोविड-१९ च्या साथीने दाखवले. पुण्यात विलग केलेल्या विषाणूपासून तयार झालेली निष्क्रिय लस, डीएनएवर आधारित मानवी वापराची जगातील पहिली लस, पुण्यातच विकसित झालेली एमआरएनए लस या तिन्ही प्रकारांना २०२१ व २०२२ या दोन वर्षांत भारतात आपत्कालीन मान्यता मिळाली. कर्करोगाच्या क्षेत्रात, रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांत नवा ग्राहक-रेणू बसवून त्या परत शरीरात सोडण्याची कार-टी पद्धती भारतात पोहोचली आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. परदेशातील अशा उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो उपलब्ध झाला. तो खर्चही काही लाखांत जातो, त्यामुळे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात तो आला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

या झगमगत्या क्षेत्रांच्या तुलनेत एक जुने क्षेत्र उपेक्षित राहिले आहे, ते सर्पदंशाचे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक मृत्युमुखी पडले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मृतांत शेतात राबणाऱ्यांचे आणि ग्रामीण गरिबांचे प्रमाण मोठे आहे. प्रतिविष तयार करण्याची मूळ पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे : घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचायच्या आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंड वेगळे काढायचे. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींच्या विषावर बेतलेले असते. त्यासाठीचे विष प्रामुख्याने तमिळनाडूतील इरुळा समाजाच्या १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. तमिळनाडूतील नागाच्या विषावर तयार झालेले प्रतिपिंड राजस्थान वा पंजाबातील नागाच्या विषाला तितक्याच घट्टपणे चिकटतील याची शाश्वती नसते. ईशान्येकडील वेगळ्या जातीच्या नागाचा तर या चौकडीत समावेशच नाही. रुग्णालयात कुपीमागून कुपी देऊनही रुग्ण हाती न लागण्यामागे उशीर हे कारण असते, तसे हेही असू शकते.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेतील शास्त्रज्ञांनी, घोड्याचा आधार न घेता प्रयोगशाळेत घडवलेले एक मानवी प्रतिपिंड प्रसिद्ध केले. नाग, मण्यार व आफ्रिकेतील काळा माम्बा यांच्या विषातील एका महत्त्वाच्या मज्जाविषाला ते उंदरांमध्ये निष्प्रभ करते. घोणशीच्या विषात हे मज्जाविष नसते; ते विष रक्त आणि मूत्रपिंडे यांवर आघात करते. भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंत घोणशीचा वाटा मोठा आहे, आणि तिच्या विषावर असे प्रतिपिंड अजून घडवावयाचे आहे.